जॉर्ज वॉशिंग्टन आणि गुलामगिरी : मृत्युपत्रातली मुक्ती नेमकी कोणाला मिळाली?

जुलै १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने आपले मृत्युपत्र लिहिले. वकिलाचा सल्ला न घेता, स्वतःच्या हाताने, २९ पाने. अमेरिकेचा हा पहिला राष्ट्राध्यक्ष तेव्हा ६७ वर्षांचा होता आणि पद सोडून दोन वर्षांपूर्वीच व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या आपल्या वाड्यावर परतला होता. कर्जफेड आणि पत्नीची सोय या दोन बाबी संपताच मृत्युपत्रात गुलामांचा विषय येतो. माझ्या स्वतःच्या मालकीचे सगळे गुलाम पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत, असे त्याने लिहून ठेवले. पाच महिन्यांनी, १४ डिसेंबर १७९९ रोजी, त्याचे निधन झाले.

त्या तरतुदीतले ‘माझ्या स्वतःच्या मालकीचे’ हे शब्द नीट पाहायला हवेत. त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननवरच्या सर्व गुलामांची यादी केली होती. नाव, वय, काम, नवरा किंवा बायको कोण आणि कोणाच्या मालकीची, असे सगळे तपशील त्यात आहेत. यादीत ३१७ माणसे आहेत. त्यांपैकी वॉशिंग्टनच्या मालकीची १२३. पत्नी मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतून आलेली १५३. उरलेली सुमारे ४० शेजारच्या जमीनदाराकडून भाड्याने घेतलेली. म्हणजे मृत्युपत्राने मुक्त होऊ शकणारी माणसे निम्म्याहूनही कमी होती. शिवाय इतक्या वर्षांच्या सहवासात या दोन गटांत लग्ने झाली होती, मुले झाली होती. घर एकच, पण कायद्याच्या लेखी नवरा एका इस्टेटीचा आणि बायको दुसऱ्या.

अकराव्या वर्षी मालक

वॉशिंग्टनचा जन्म १७३२ चा. १७४३ मध्ये वडील वारले तेव्हा वारसाहक्काने जमिनीबरोबर दहा गुलामही त्याच्या नावावर झाले. मुलगा अकरा वर्षांचा होता. व्हर्जिनियात तंबाखूची शेती गुलामांच्या श्रमांवर चालत असे आणि सुखवस्तू घरातल्या मुलाला यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. तरुण वॉशिंग्टनलाही ते वाटले नाही. त्याने पुढे आणखी माणसे विकत घेतली.

जानेवारी १७५९ मध्ये त्याने मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न केले. तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला होता. अशा वेळी व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा मिळे, पण फक्त हयातीपुरता. त्या हिश्श्यातल्या गुलामांकडून काम करून घेता येई. त्यांना विकता येत नसे आणि मुक्तही करता येत नसे. मार्थाच्या पश्चात ते आणि त्यांची मुले कस्टिस घराण्याच्या वारसांकडे जायची होती. त्यात १६६२ पासूनचा एक नियम होता : मूल आईच्या दर्जाचे. आई गुलाम तर मूल गुलाम, आणि आई ज्या इस्टेटीची, मूलही त्याच इस्टेटीचे. बाप कोण, स्वतंत्र की गुलाम, याला काही अर्थ नव्हता. चाळीस वर्षांनी मृत्युपत्र लिहिताना वॉशिंग्टनपुढे जी गाठ आली ती इथे बसली होती.

मालक म्हणून तो शिस्तीचा होता, आणि हिशेबाचा पक्का. सूर्योदय ते सूर्यास्त काम, आठवड्याचे सहा दिवस, शिध्याला मक्याचे पीठ आणि खारवलेले मासे. पळून जाणाऱ्याला किंवा ‘ऐकत नाही’ अशाला विकून टाकण्याची शिक्षाही त्याने दिली. १७६६ मध्ये टॉम नावाच्या गुलामाला त्याने वेस्ट इंडीजला जाणाऱ्या जहाजावर चढवले. कप्तानाला लिहिलेल्या पत्रात टॉम कामाला चांगला आहे, पण पळपुटा आहे, तेव्हा समुद्रात शिरेपर्यंत हातकड्या काढू नका, अशी सूचना आहे. त्याच्या बदल्यात काय आणायचे याची यादीही आहे : काकवी, रम, लिंबे, थोडी चिंच, मिठाई. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यात गेलेला गुलाम सहसा फार वर्षे जगत नसे, हे व्हर्जिनियातल्या प्रत्येक मालकाला ठाऊक होते.

जाता जाता एक गोष्ट. वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती, ही शब्दशः दंतकथाच. त्याच्या कवळ्यांत हस्तिदंत होता, जनावरांचे दात होते आणि माणसांचेही. १७८४ च्या जमाखर्चात ‘निग्रोंना’ नऊ दातांपोटी ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद आहे.

युद्धाने काय बदलले?

१७७५ मध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या सैन्याची सूत्रे वॉशिंग्टनने हाती घेतली, तेव्हा उत्तरेकडच्या तुकड्यांमध्ये कृष्णवर्णीय सैनिक आधीपासूनच लढत होते. व्हर्जिनियाच्या या जमीनदाराला ते रुचले नाही. नव्या भरतीत त्यांना घेऊ नये असे ठरले. मग नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने जाहीर केले, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र उचलतील ते स्वतंत्र होतील. काही आठवड्यांतच वॉशिंग्टनने आपला निर्णय फिरवला आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांना पुन्हा भरती होण्याची मुभा दिली. संपूर्ण युद्धात सुमारे ५,००० कृष्णवर्णीय अमेरिकेच्या बाजूने लढले. आठ वर्षे सेनापतीच्या पाठोपाठ घोड्यावर असलेला विल्यम ली हा त्याचा खासगी सेवकही गुलामच होता.

या काळात वॉशिंग्टनची भाषा बदलू लागली. १७७८ मध्ये माउंट व्हर्ननचा कारभार पाहणारा चुलतभाऊ लंड याला त्याने लिहिले, की या गुलामांपासून मोकळे व्हावे असे दिवसेंदिवस अधिक वाटते. अर्थात मोकळे व्हायचे म्हणजे विकायचे, असाच त्या पत्राचा रोख होता. नफ्याचा विचारही त्यात होता. १७६० च्या दशकातच त्याने तंबाखू सोडून गहू लावायला सुरुवात केली होती आणि गव्हाला इतके हात लागत नसत.

गुलामांनी मात्र आपला निर्णय आधीच घेतला होता. एप्रिल १७८१ मध्ये पोटोमॅक नदीत ‘सॅव्हेज’ हे ब्रिटिश जहाज आले आणि माउंट व्हर्ननवरच्या १७ जणांनी त्याचा आश्रय घेतला. युद्ध संपल्यावर मे १७८३ मध्ये वॉशिंग्टन ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन याला भेटला. पळून गेलेले गुलाम ही अमेरिकनांची मालमत्ता आहे, ती परत करा, अशी त्याची मागणी होती. कार्लटनने नकार दिला. ज्यांना स्वातंत्र्याचे वचन दिले त्यांना परत सोपवणे बेइमानी ठरेल, असे त्याचे म्हणणे. त्याने न्यूयॉर्क सोडणाऱ्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीयांची नोंदवही मात्र ठेवली. तिच्यात हॅरी वॉशिंग्टन हे नाव आहे. वय ४३, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी त्याला सोडले. हा हॅरी आधी नोव्हा स्कोशियाला आणि तिथून १७९२ मध्ये आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेला. तिथे वसाहत चालवणाऱ्या कंपनीने जमिनीवर कर लावला, तेव्हा १८०० मध्ये बंड करणाऱ्यांत तोही होता. माजी मालकाचे आडनाव त्याने सोडले नाही, आणि बहुधा त्याचा धडाही.

मनातले आणि जाहीर

१७८३ मध्ये वॉशिंग्टनचा तरुण फ्रेंच सहकारी लाफायेत याने त्याला एक प्रस्ताव दिला. दोघांनी मिळून एक छोटी जमीन घ्यावी आणि तिथे गुलामांना मुक्त करून खंडाने शेती करू द्यावी. वॉशिंग्टनसारख्याने हे केले तर देशभर पायंडा पडेल, असा त्याचा हिशेब होता. वॉशिंग्टनने त्याच्या मनाच्या मोठेपणाची तारीफ केली, भेटीत बोलू म्हणाला. पुढे लाफायेतने दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीत एकट्यानेच असा मळा घेतला, तेव्हाही तारीफच आली.

असा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. मे १७८५ मध्ये दोन मेथडिस्ट धर्मप्रचारक गुलाममुक्तीच्या अर्जावर सही मागायला माउंट व्हर्ननला आले. त्याने त्यांना जेवू घातले, विचारांशी सहमती दाखवली आणि सही करायचे टाळले. एप्रिल १७८६ मध्ये रॉबर्ट मॉरिसला त्याने लिहिले, की गुलामगिरी संपवण्याची योजना व्हावी असे माझ्याइतके कोणाला वाटत नसेल, पण ती कायदेमंडळाने करायला हवी. या पत्राचा मूळ हेतू वेगळाच होता. फिलाडेल्फियातले क्वेकर लोक बाहेरगावच्या मालकांचे गुलाम सोडवतात, याबद्दलची ती तक्रार होती. त्याच वर्षी त्याने आणखी एका पत्रात आता कधी गुलाम विकत घेणार नाही असे लिहिले आणि गुलामगिरी हळूहळू, खात्रीने, कोणाच्या लक्षातही येणार नाही अशा गतीने संपावी अशी इच्छा व्यक्त केली.

कायदेमंडळाच्या संमतीशिवाय काहीच शक्य नव्हते, असे मात्र नाही. व्हर्जिनियाने १७८२ मध्येच मालकांना आपले गुलाम स्वतःहून मुक्त करण्याची परवानगी दिली होती आणि काही मालकांनी तसे केलेही. वॉशिंग्टनला अडवत होता तो पैसा. जमीन भरपूर, रोकड कमी आणि सगळा डोलारा फुकटच्या श्रमांवर उभा.

१७८७ च्या घटना परिषदेचा तो अध्यक्ष होता. तिथे झालेल्या तडजोडी प्रसिद्ध आहेत : प्रतिनिधित्वासाठी गुलामांची संख्या तीन पंचमांश धरायची, गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही, पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर परत द्यायचा. मूळ राज्यघटनेत गुलाम हा शब्द कुठेही नाही. काम सगळे आडवळणाच्या शब्दांनी भागवले आहे. उत्तर आणि दक्षिण या प्रश्नावर फुटतील ही भीती वॉशिंग्टनला शेवटपर्यंत होती, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून आठ वर्षांत तो यावर जाहीरपणे बोलला नाही. निरोपाच्या प्रसिद्ध संदेशातही या विषयावर एक शब्द नाही.

गुलामगिरी कोणाच्या लक्षात न येता संपली नाहीच. ती १८६५ मध्ये संपली, चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर. मराठीत हा शब्द ज्या पुस्तकाने घराघरांत नेला ते जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे. फुल्यांनी तरुणपणी वॉशिंग्टनचे चरित्र वाचले होते. पण पुस्तक अर्पण केले ते गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना.

फिलाडेल्फियातले सहा महिने

१७९० मध्ये राजधानी फिलाडेल्फियाला आली. राष्ट्राध्यक्षांच्या घरात माउंट व्हर्ननहून आणलेले गुलाम कामाला होते, एकूण नऊ. पण पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम राज्यात सलग सहा महिने राहिला तर मुक्तीचा दावा करू शकत होता. काँग्रेसच्या सदस्यांना यातून सूट होती, राष्ट्राध्यक्षाचा उल्लेख नव्हता. १७९१ च्या एप्रिलमध्ये खुद्द ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ धावत आला : त्याच्या गुलामांनी हाच दावा केला होता, तेव्हा तुम्ही सांभाळा.

वॉशिंग्टनने आपला सचिव टोबायस लिअर याला पत्र लिहिले. सहा महिने भरण्याआधी गुलामांना काही निमित्ताने व्हर्जिनियाला पाठवावे, आणि ते अशा बहाण्याने की त्यांनाही कळू नये आणि लोकांनाही. ही गोष्ट तुझ्याशिवाय आणि मार्थाशिवाय कोणाला समजता कामा नये. मुदत मोडण्यासाठी गुलामांना राज्याबाहेर नेणे १७८८ च्या दुरुस्तीने बेकायदा ठरवले होते, तरीही ही ने-आण चालू राहिली. त्याच्या बाजूने इतकेच म्हणता येते, की यातले बरेच गुलाम कस्टिस इस्टेटीचे होते आणि ते हातचे गेले असते तर भरपाई वॉशिंग्टनला द्यावी लागली असती. लिअरने आज्ञा पाळली. उत्तरात मात्र त्याने एक ओळ टाकली : ही माणसे पुढे कधीतरी मुक्त होतील असा पूर्ण विश्वास नसता, तर एखाद्याची गुलामी लांबवण्याच्या या कामाला मी हात लावला नसता.

१७९३ मध्ये पळालेल्या गुलामांना पकडून नेण्याचा केंद्रीय कायदा झाला. त्यावर वॉशिंग्टनची सही आहे. त्याच वर्षी जानेवारीत माउंट व्हर्ननवर शार्लट नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला कारभाऱ्याने छडीने मारले. फिलाडेल्फियाहून राष्ट्राध्यक्षांनी कळवले, की केलेत ते योग्यच. आणि पुढच्याच वर्षी, मे १७९४ मध्ये, लिअरला लिहिलेल्या पत्रातला एक भाग खासगी ठेवण्यास सांगून त्याने लिहिले, की शेतजमिनी इंग्रज शेतकऱ्यांना खंडाने देऊन जी ‘मालमत्ता’ मी मनाविरुद्ध बाळगतो तिला मुक्त करण्याचा माझा विचार आहे. इंग्रज शेतकरी काही मिळाले नाहीत. योजना कागदावर राहिली.

ओना जज आणि हर्क्युलिस

ओना जज ही मार्थाची खास दासी, कस्टिस इस्टेटीची. वय बाविसच्या आसपास. मार्थाची नात एलायझा हिचे लग्न झाले होते आणि ओनाला तिच्याकडे देण्याचे ठरले होते. २१ मे १७९६ रोजी वॉशिंग्टन दांपत्य जेवायला बसले असताना ती घराबाहेर पडली. शहरातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय ओळखीच्यांनी तिचे सामान आधीच हलवले होते. वर्तमानपत्रात दहा डॉलर बक्षिसाची जाहिरात आली, तेव्हा ती जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्स्मथकडे निघून गेली होती.

तिथे ती ओळखली गेली. वॉशिंग्टनने अर्थमंत्र्यामार्फत पोर्ट्स्मथचा जकात अधिकारी जोसेफ व्हिपल याला कामाला लावले. व्हिपल तिच्याशी बोलला आणि त्याने प्रामाणिकपणे कळवले, की हिला कोणी फूस लावलेली नाही, पूर्ण स्वातंत्र्याची ओढ एवढेच कारण आहे. मालकीण वारल्यावर मुक्त करणार असाल तर ती परत यायला तयार आहे. वॉशिंग्टनने साफ नकार दिला. गुलामांच्या मुक्तीला माझी कितीही अनुकूलता असली, तरी पळून जाणाऱ्याला बक्षीस दिले तर इमानाने राहिलेल्या बाकीच्यांच्या मनात असंतोष पेरल्यासारखे होईल, असे त्याचे उत्तर होते. जबरदस्तीने आणताना दंगा होणार असेल तर नको, असेही त्याने बजावले. १७९९ मध्ये मार्थाचा भाचा तिला आणायला गेला. सिनेटर जॉन लँग्डनच्या घरून तिला आधीच निरोप पोचला आणि ती निसटली. मृत्युपत्रावर सही झाली तेही हेच वर्ष.

हर्क्युलिस हा राष्ट्राध्यक्षांचा आचारी. फिलाडेल्फियात त्याच्या हाताचे नाव होते आणि संध्याकाळी झकपक कपडे घालून तो शहरात फिरायचा. १७९६ च्या अखेरीस त्याला माउंट व्हर्ननला ठेवून खोदकामाला लावले गेले. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, वॉशिंग्टनच्या ६५ व्या वाढदिवशी, तो पसार झाला. काही आठवड्यांनी फ्रान्सचा राजपुत्र लुई फिलिप तिथे पाहुणा आला. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या लहान मुलीला विचारले, बाबा गेले म्हणून वाईट वाटत असेल ना? तिने सांगितले, उलट आनंद वाटतो, कारण आता ते स्वतंत्र आहेत. हर्क्युलिस वॉशिंग्टनच्या मालकीचा होता, म्हणून मृत्युपत्राने तो कायद्यानेही मुक्त झाला. मुलीची आई कस्टिस इस्टेटीची होती. मुलगी गुलामच राहिली.

मृत्यूनंतर

मृत्युपत्रात विल्यम लीला ताबडतोब मुक्ती आणि वर्षाला ३० डॉलर दिले होते. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना इस्टेटीने आयुष्यभर पोसावे, आईबाप नसलेल्या मुलांना २५ वर्षांचे होईपर्यंत लिहायला-वाचायला आणि एखादा धंदा शिकवावा, कोणालाही विकू नये, व्हर्जिनियाबाहेर नेऊ नये, अशा कडक शब्दांतल्या तरतुदी होत्या. सांभाळाचा खर्च इस्टेट १८३३ पर्यंत देत होती. तुलनेला टॉमस जेफरसन पाहावा : आयुष्यात ६०० हून अधिक माणसांचा मालक, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, आणि मुक्ती दिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना.

बाकीच्यांची मुक्ती मार्थाच्या मृत्यूवर टांगली होती, आणि हे १२३ जणांनाही माहीत होते. अॅबिगेल अॅडम्सने डिसेंबर १८०० मध्ये भेटीनंतर लिहिले, की आपल्या मरणात ज्यांचा फायदा आहे अशांच्या हाती जीव सुरक्षित नाही असे मार्थाला वाटत होते. १ जानेवारी १८०१ पासून तिने त्या सर्वांना मुक्त केले. कस्टिस इस्टेटीच्या माणसांना ती मुक्त करू शकत नव्हती. मे १८०२ मध्ये ती वारली आणि त्यांची वाटणी तिच्या चार नातवंडांत झाली. माउंट व्हर्ननवरची कुटुंबे त्या वेळी फुटली. कोणाचा मुक्त झालेला नवरा जवळपास मजुरी शोधत राहिला आणि बायको-मुले दुसऱ्या मळ्यावर गेली.

ओना जजने पोर्ट्स्मथमध्ये एका खलाशाशी लग्न केले, तिला तीन मुले झाली, पुढे नवरा आणि मुलेही तिच्या आधी गेली. १८४० च्या दशकात गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रांनी तिच्या मुलाखती छापल्या. ती वाचायला शिकली होती. आयुष्य कष्टात आणि गरिबीत गेले होते. वॉशिंग्टनचे घर सोडल्याचा पश्चात्ताप होतो का, असे विचारल्यावर तिने नाही म्हणून सांगितले. २५ फेब्रुवारी १८४८ रोजी ती वारली, तेव्हा कायद्याच्या लेखी ती कस्टिस इस्टेटीची फरारी गुलामच होती.